नवमीचं पाणी

डिशवॉशर रिकामा करणं हे वैजयंतीचं सकाळचं पहिलं काम, आणि ते ती झोपेतही करेल असं तिचा नवरा उदय म्हणायचा. खालच्या जाळीतली ताटं, वरच्या जाळीतले पेले, कोपऱ्यातले चमचे. हात आपले जातात-येतात आणि मन हवं तिकडे फिरून येतं. त्या सोमवारी मन दहाच्या कॉलकडे लागलं होतं. दहा वाजता आसामहून दीपेनचा व्हिडिओ कॉल येणार होता आणि त्याला काय सांगायचं ते अजून ठरत नव्हतं. तेवढ्यात अन्वीचा कॉफीचा मग आणि उदयचा डबा यांच्या मधे तिचा हात कशावर तरी पडला आणि चटकन मागे आला. काहीतरी खरखरीत, कोमट आणि ओलं होतं. तिने वाकून पाहिलं. ओंजळीत मावेल एवढं एक भांडं, मळकट तपकिरी, काठाला विस्कटलेलं, जुन्या ब्रशचे केस फाकावेत तसं. आपल्या घरात असं काही नाही, असंच तिला पहिल्यांदा वाटलं.

"आई, सॉरी हं," अन्वी दारात बूट चढवत म्हणाली. सोळा वर्षांची, जन्म इथलाच, साउथहॅम्प्टनचा. मराठी बोलायची ती आजोबांसाठी. "मी आजोबाचा कप पण टाकली काल. इट वॉज सो ग्रोस. इतकी काळी आणि चिकट! आज त्यांची ती पूजा आहे ना आजीसाठी? मला वाटलं, छान क्लीन करून देऊ."

"कुठला कप?"

"तो वुडन बॉक्समधला. ओके बाय, माझा बस जाईल."

दार आपटलं. वैजयंती ते भांडं हातात घेऊन तशीच उभी राहिली. वरच्या मजल्यावर शॉवरचा आवाज चालू होता. तिचे वडील आंघोळीला गेले होते आणि आज त्यांची आंघोळ लांबणार होती, कारण आज अविधवा नवमी, म्हणजे नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईची तिथी. आई जाऊन अडीच वर्षं झाली होती. पितृपक्षात या दिवशी बाबा मागच्या अंगणात दक्षिणेकडे तोंड करून उभे राहणार, जानवं उजव्या खांद्यावर घेणार आणि आईच्या नावाने काळे तीळ घातलेलं पाणी सोडणार. आणि ते पाणी ते याच भांड्यातून घेणार. पुण्याच्या घरात हे भांडं वर्षभर शिसवी पेटीत असायचं, पितृपक्षात बाहेर निघायचं आणि अमावास्येनंतर तिळाचं तेल चोपडून पुन्हा आत जायचं. तेलाच्या थरांवर थर चढून ते असं काळंभोर झालं होतं की वैजयंती ते जन्मभर लाकडाचंच समजत आली. हात लावायची सोय नव्हती. सोवळ्यातलं आहे, बायकांनी शिवायचं नाही, एवढं लहानपणी कानावर पडलं की पुढचे प्रश्न सुचत नाहीत. आईसुद्धा शिवायची नाही. तर्पण झालं की बाबा स्वतः ते विसळायचे, स्वतः पुसायचे, आणि आई तेवढा वेळ गॅसकडे तोंड करून उभी असायची. मग रविवारच्या घाणेरड्या भांड्यांबरोबर एका मुलीने ते सत्तर डिग्रीच्या पाण्यात घातलं आणि पन्नास वर्षांचं तेल धुऊन निघालं. वैजयंतीला आधी हसूच आलं. बाबा आज घर डोक्यावर घेणार, असं मनात म्हणत तिने भांडं उजेडात धरलं.

खिडकीत सप्टेंबरचं ऊन होतं, या गावात मिळतं तेवढं. भांड्याच्या पातळ काठातून ते आरपार आलं आणि काठ मधाच्या रंगाचा झाला. लाकडातून उजेड येत नाही. तिने भांडं पालथं केलं. बुडाला बारीक बारीक ठिपके होते, एकाशेजारी एक, हजारो, टाचण्या ओळीने टोचून काढाव्यात तसे. अंगावर उभे धागे होते, काठाशी ते सुटे होऊन फाकले होते. तिचा अंगठा त्या धाग्यांवरून खालपासून वरपर्यंत फिरला आणि त्या अंगठ्याला तिच्याआधी कळलं. म्हशीचं शिंग आतून पोकळ असतं आणि त्याला थर असतात. हे पोकळ नसतं, हे भरीव असतं, केसांसारख्या धाग्यांची घट्ट बांधलेली मोळीच ती. हे वाक्य तिचं स्वतःचं होतं. गेली अकरा वर्षं बंदरावरच्या आणि विमानतळावरच्या कस्टम्सच्या लोकांना ती शिकवत होती, चौथी स्लाइड, आणि त्या स्लाइडवर बुडाच्या ठिपक्यांचा मोठा फोटो होता. लोक म्हणायचे, वैजयंती, तुझी ही मोळी विसरत नाही बघ कोणी. हॉलमधल्या बॅगेत तिचं भिंग होतं. ते आणायला जाताना ती मनात म्हणत होती, की रेझिनमध्येसुद्धा फार हुबेहूब नक्कल करतात हल्ली. भिंग डोळ्याला लावून तिने एकदा पाहिलं. मग काच पुसून पुन्हा पाहिलं. गेंड्याचं शिंग होतं.

अशा वेळी पायाखालची जमीन सरकते म्हणतात. तिची सरकली नाही. तिला भूक लागली. ब्रेडचा एक कोरडा तुकडा तिने उभ्याउभ्या खाल्ला, आणि तो चावताना आपल्या जबड्याचा आवाज आपल्याच कानात इतका मोठा का येतोय ते तिला कळेना. वॉशिंग पावडरचा लिंबाचा वास येत होता, आणि त्याच्याखाली दुसराही एक वास होता, न्हाव्याच्या दुकानात येतो तसला, ओल्या केसांचा. तिने भांडं किचन टॉवेलवर ठेवलं. मग टॉवेल त्याच्यावर पांघरला. मग पुन्हा काढला, कारण पांघरलेलं ते आणखी वाईट दिसत होतं.

गेल्या मंगळवारचा फोटोही असाच पांघरलेला आला होता. दीपेनने आधी ताडपत्री टाकलेला पाठवला आणि खाली लिहिलं, दीदी, दूसरा मत देखिए. दीपेन हा आसामातल्या एका राष्ट्रीय उद्यानातल्या शिकारविरोधी चौकीचा प्रमुख, चाळिशीचा, गुडघ्यापर्यंत चिखल आणि सदा चेहऱ्यावर हसू. वैजयंतीची संस्था छोटी, गोदीजवळच्या एका जुन्या इमारतीत दोन खोल्या. पण त्या उद्यानातले साठ कॅमेरे या दोन खोल्यांना जोडलेले होते आणि कॅमेऱ्यात गेंडा आला की माणूस, हे ओळखून चौकीला इशारा देणारा प्रोग्राम तिने लिहिलेला होता. पुण्यात बँकांची सॉफ्टवेअरं लिहिणाऱ्या बाईला हे सुचलं कसं, असं लोक विचारायचे. तिला उत्तर देता यायचं नाही. गेल्या आठवड्यात पुराच्या पाण्यात चार कॅमेरे बुडाले आणि जिथे ते बुडाले तिथूनच माणसं आत आली. दुसरा फोटो तिने पाहिलाच. मादी होती. नाकाच्या जागी काही नव्हतं, कुऱ्हाडीने खणलेला खड्डा होता, आणि बाजूला पाच-सहा महिन्यांचं पिल्लू आईच्या पोटाला टेकून उभं होतं. ते हटत नव्हतं. दीपेन आणि त्याची माणसं दोन दिवस पावसात त्याच्याभोवती बसून राहिली, कारण त्याला उचलायला गेलं की ते पळून जात होतं आणि सोडून दिलं की परत येत होतं. पिल्लाला केंद्रात हलवलं होतं, पण ते बाटली तोंडात घेत नव्हतं. दहाचा कॉल त्यासाठी होता. तो फोटो बघून वैजयंती ऑफिसच्या टॉयलेटमध्ये रडली होती आणि बाहेर येऊन म्हणाली होती, कोण असतात ही माणसं, कोणाच्या घरात जातं हे सगळं.

कोणाच्या घरात. ते वाक्य आता तिच्याकडे परत आलं आणि समोर येऊन बसलं. तिने घर आवरलं तो दिवस तिला आठवायला लागला. आई मार्चमध्ये गेली. तेरावा झाल्यावर पुण्याचा फ्लॅट रिकामा करायला तिच्याकडे नऊ दिवस होते. उदयने वकील लावून बाबांच्या व्हिसाचं कसंबसं जमवलं होतं आणि विमानाची तारीख पुढे जाणार नव्हती. आईच्या साड्या, बाबांचे नकाशे, लोणच्याच्या बरण्या. देवाचं काय काय न्यायचं असं तिने विचारलं तेव्हा बाबा खुर्चीत बसून राहिले होते, त्यांना बोलण्याचंही त्राण नव्हतं. ती म्हणाली होती, "बाबा, मी घेते सगळं, तिकडे काही मिळत नाही." शिसवी पेटी उघडून तिने त्यातली ती काळी वस्तू आईच्या विटक्या नऊवारीच्या तुकड्यात गुंडाळली. हात लावू नये हे तिला आठवलं होतं. आणि आता कोण आहे बघायला, असं मनात म्हणून तिने हात लावला होता. डोळ्यांत पाणी होतं, काही नीट दिसत नव्हतं. चेक-इनच्या बॅगा हरवतात म्हणून पेटी तिने स्वतःच्या खांद्यावरच्या बॅगेत ठेवली, मेतकुटाच्या डब्याशेजारी, आणि सगळ्या मशीनमधून ती बॅग आरपार आली. विमानतळावर 'नथिंग टू डिक्लेअर'च्या हिरव्या पाटीखालून बाबांची व्हीलचेअर ढकलत बाहेर पडली तर समोर सारा. सारा तिची विद्यार्थिनी, कस्टम्समधली सगळ्यात हुशार मुलगी. ड्युटी संपवून घरी निघाली होती. तिने धावत येऊन मिठी मारली. सॉरी अबाउट युअर मम, म्हणाली. बॅग त्या मिठीत मधे आली होती आणि पेटीचा कोपरा वैजयंतीच्या बरगडीत रुतला होता. तो कोपरा तिला आत्ता, स्वयंपाकघरात, बरगडीत जाणवला. तिने तिथे हात दाबून धरला.

शॉवर बंद झाला. जिन्यावर सावकाश पावलं वाजायला लागली. एक्क्याऐंशी वर्षांचा माणूस, ओलं अंग, रेशमी मुकटा, एका हाताने कठडा धरलेला. कमलाकर सरकारी इंजिनिअर होते, पूल बांधायचे, आणि अजूनही जिना उतरताना पायरी मोजल्यासारखा पाय टाकायचे.

"वैजू, पेटी रिकामी आहे. पात्र कुठंय?"

"इथे आहे बाबा."

त्यांनी टॉवेलवर पाहिलं. क्षणभर त्यांना ते ओळखू आलं नाही. मग त्यांचा आवाज चढला. "काय केलंत हे? कोणी केलं?"

"अन्वीने डिशवॉशरला लावलं. तिला काय माहीत."

"डिशवॉशरला! खरकट्यात! अगं, पन्नास वर्षं मी तुझ्या आईलासुद्धा..." ते थांबले आणि खुर्ची ओढून बसले. "आज तिची तिथी आहे. आता काय करू मी? तेल आहे का घरात तिळाचं?"

"बाबा, हे कशाचं आहे?"

"कशाचं म्हणजे?"

"मला सांगा ना. कशाचं आहे?"

"खड्गपात्र आहे," ते म्हणाले, आणि तशाही स्थितीत त्यांच्या आवाजात जरा तोरा आला. "खड्ग म्हणजे गेंडा. यातलं पाणी पितरांना अक्षय पोचतं, शास्त्र आहे. सगळ्या पेठेत आपल्याकडे एकट्याकडे होतं. असं काय बघतेस? तुला माहीत नव्हतं?"

"नाही."

"तू तर त्यातलीच. तुझं कामच ते." ते खरंच गोंधळले होते. "आणि तूच तर आणलंस. विमानात तू पेटीची बॅग मांडीवर घेऊन बसली होतीस. मी म्हटलं, पोरीने घरच्या गोष्टीचा मान ठेवला. बाहेरचा कायदा बाहेर ठेवला. मला बरं वाटलं होतं तेव्हा."

गेल्या वर्षी तिला बक्षीस मिळालं तेव्हा हॉलमध्ये बाबा पहिल्या रांगेत बसले होते, सूट घालून. ती व्यासपीठावरून म्हणाली होती की मागणी संपली की शिकार संपेल, आणि सगळ्यांच्या आधी बाबांनी टाळ्या वाजवल्या होत्या. ती टाळी कसली होती हे तिला आत्ता कळत होतं. तो बिचारा माणूस अडीच वर्षं समजत होता की मुलगी सगळं जाणून गप्प आहे, घरासाठी. त्यांच्या डोळ्यांत ती एक शहाणी, व्यवहारी बाई होती, जगाला एक सांगणारी आणि घरात दुसरं ठेवणारी, आणि त्याबद्दल त्यांना तिचा अभिमान होता. शिव्या दिल्या असत्या तरी तिला इतकं लागलं नसतं.

"पणजोबांचं आहे ना हे?" तिने विचारलं. एवढं एक उत्तर तिला हवं होतं. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचं असेल, राजेरजवाड्यांच्या काळातलं असेल, तर तो गुन्हा तिचा असला तरी ते मरण तिचं नव्हतं. कागद नाहीत, परवाना नाही, पण जुनं आहे. तिला स्वतःला तेवढ्यावर श्वास घेता आला असता. "तुम्ही नेहमी सांगायचात, पणजोबांपासूनचं."

कमलाकरांनी मुकट्याचं टोक बोटांत धरलं आणि सोडलं. बाहेर बंदरात एखादी क्रूझची बोट निघाली असावी, लांब भोंगा झाला.

"पणजोबांचं होतं एक," ते म्हणाले. "ते वाटणीत चुलत्यांकडे गेलं आणि त्यांच्याकडून हरवलं. माझ्या वडिलांनी आयुष्यभर तेवढंच धरून ठेवलं, की आपल्या घरातून खड्गपात्र गेलं. हे मी आणलं. त्यांच्यासाठी आणलं. लोकांना सांगितलं, जुनंच सापडलं."

"कुठून?"

"आसामात होतो ना मी. तू व्हायच्या आधी. पंचाहत्तर साल. ब्रह्मपुत्रेपलीकडे पूल चालू होता आपला. तिथला कंत्राटदार होता एक, चांगला माणूस, वडिलांचं दुखणं मी त्याच्याजवळ बोललो होतो. काम पुरं झालं त्या दिवशी तो घरी आला. केळीच्या पानात गुंडाळून घेऊन आला. म्हणाला, साहेब, तुमच्या वडिलांसाठी. पात्र मग मी पुण्यात कोरून घेतलं."

"बाबा, शिकारबंदीचा कायदा झाला होता तेव्हा."

"झाला होता. माहीत होतं मला." त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. "मी मारला नाही ना गं. आणलेलंच होतं त्याने. मी नाही म्हटलं असतं तरी तो काही जिवंत होणार नव्हता."

हेच सगळे म्हणतात. बंदरावर पकडलेल्या प्रत्येकाच्या जबाबात हे वाक्य असतं, आणि ती आपल्या वर्गात ते वाचून दाखवते, आणि लोक हसतात. तिला वाटलं आपण ओरडू. पण तिचं लक्ष भलतीकडे गेलं होतं. केळीच्या पानात गुंडाळून, म्हणजे ओलं होतं ते. ताजं होतं. आणि पंचाहत्तर साल म्हणजे ती तेव्हा होती. त्या घरात होती, आईच्या पोटात. कुठल्या तरी दुपारी एका खोलीत एक माणूस केळीचं पान उलगडतो आहे आणि पलीकडे तिची आई उभी आहे.

"आई होती घरात?"

"होती. सातवा चालला होता तिला. चहा घेऊन आली." त्यांनी मुकट्याचं टोक पुन्हा बोटांत धरलं. "त्या माणसाला पोच नव्हता. बाईमाणसासमोर काय बोलावं कळायला पाहिजे की नाही? हसत हसत सांगत बसला. मादी होती म्हणाला. पिल्लू होतं बरोबर. चार दिवस पिल्लू जागचं हललं नाही म्हणाला, मग आपोआप आडवं झालं. तुझ्या आईच्या हातातला ट्रे पडला. सगळे कप फुटले. मला वाटलं चक्कर आली, अशा दिवसांत येते."

"मग?"

"मग काही नाही. रात्री जेवताना म्हणाली, तुम्हाला ठेवायचं तर ठेवा, मी याला हात लावणार नाही. मरेपर्यंत लावणार नाही. आणि मेल्यावर मला यातलं पाणी देऊ नका." कमलाकर खाली बघत होते. "सोवळ्याचं वगैरे मीच सांगितलं लोकांना. तुला काय, माझ्या आईला काय. बायको शिवत नाही याचं काहीतरी कारण द्यायला पाहिजे ना."

वैजयंती ओट्याला टेकून उभी राहिली. गॅसकडे तोंड करून आईही अशीच उभी असायची, पितृपक्षात, दर वर्षी, पाठ बाबांकडे. त्या पाठीकडे बघत वैजयंती मोठी झाली होती आणि तिला ती पाठ सोवळ्याची वाटत आली होती. केवढी पाठ होती ती! शेजारणींना वाटायचं, रेखाताई फार पाळतात. आणि आईने एकदाही सांगितलं नाही. मुलीने एवढी चांगली नोकरी सोडून गेंड्यांचं काम धरलं तेव्हा सगळं घर विरोधात गेलं होतं, आई एकटी फोनवर म्हणाली होती, "कर. तू कर." वैजयंतीला वाटलं होतं, आईला काही कळलेलं नाही, लेकीचं कौतुक म्हणून म्हणते. तेवढ्या दोन शब्दांवर ती अकरा वर्षं काम करत आली होती आणि ते शब्द कुठून आले होते हे तिला ठाऊक नव्हतं. ज्या वस्तूला आईने अठ्ठेचाळीस वर्षं बोट लावलं नाही ती वस्तू आई गेल्यावर पंधरा दिवसांच्या आत लेकीने आईच्याच साडीत गुंडाळली. तिला स्वतःच्या हातांची किळस आली. आणि मग, त्याच्याही मागून, दुसरी गोष्ट तिच्या लक्षात आली.

"बाबा. गेल्या वर्षी नवमीला तुम्ही आईला कशातून पाणी दिलंत?"

त्यांनी टॉवेलची कडा सरळ केली.

"यातूनच दिलंत."

"सगळ्या पितरांना यातून दिलं," ते कसेबसे म्हणाले. "आजोबांना, पणजोबांना. तिला एकटीला स्टीलच्या वाटीतून देऊ? सगळ्यात चांगलं जे आहे ते तिला द्यायचं नाही? मला वाटलं, तिकडे गेल्यावर माणसाचा राग राहत नसेल." त्यांनी भांड्याकडे पाहिलं. "ती म्हणाली होती ते मी विसरलो नव्हतो, वैजू. आठवत होतं. पाणी सोडताना आठवलं. तरी सोडलं."

आता नऊ वाजून गेले होते. काय काय करता येईल हे तिला एकामागून एक दिसत होतं, आणि ते इतकं सोपं दिसत होतं याचीच तिला भीती वाटली. उद्या मंगळवार, कौन्सिलची गाडी कचऱ्याचा काळा बिन उचलायला येते. मागे गुलाबाखाली माती मऊ आहे. घराला खाडी जवळ आहे. ते तिने गपचूप टाकून दिलं तर जगात कोणाला कळणार नव्हतं. गुरुवारी ती बंदरावर जाऊन चौथी स्लाइड दाखवू शकली असती, मोळीचं वाक्य म्हणू शकली असती. आणि सांगितलं तर? सांगितलं तर नोकरी जाणार, संस्थेचं नाव जाणार, त्यावर चालणारे साठ कॅमेरे जाणार कदाचित. एक्क्याऐंशी वर्षांच्या माणसाला टेबलापलीकडे बसवून प्रश्न विचारतील. ज्या व्हिसासाठी उदयने एवढा आटापिटा केला त्याचं काय होईल देव जाणे. आणि रिकाम्या केलेल्या फ्लॅटमध्ये त्यांना परत कसं पाठवायचं? हे सगळं एका पारड्यात टाकून तिने दुसऱ्या पारड्यात पाहिलं तर तिथे आईची पाठ होती, आणि काहीच नव्हतं.

"आता हे जाईल ना?" कमलाकरांनी विचारलं. ते तिचा चेहरा वाचत होते. "ठीक आहे. पण आजचा दिवस राहू दे. आज शेवटचं करतो आणि मग दे कोणाला द्यायचं ते."

"नाही बाबा."

"तिथी टळते गं."

"टळणार नाही. पाणी द्या तुम्ही तिला. यातून नका देऊ."

तिने स्टीलची वाटी काढली, अन्वी जिच्यात लहानपणी दहीभात खायची ती. धुतली, पाणी भरलं, काळे तीळ टाकले. बाबांनी ती घेतली नाही. मग घेतली. मागचं दार उघडून ते हिरवळीवर उतरले आणि दक्षिणेकडे वळले. तिकडे छपरांच्या वर गोदीतल्या क्रेन दिसत होत्या, निळ्या, उंच, कंटेनर उचलणाऱ्या. त्यांनी जानवं उजव्या खांद्यावर घेतलं, दर्भ बोटांत धरला, संकल्प म्हटला. तो पाठ होता, तो भराभर आला. मग आईचं गोत्र आलं. मग नाव म्हणायची जागा आली आणि ते अडले. अंगठा आणि तर्जनीच्या मधून पाणी सुटायचं ते तळहातावरच राहिलं, तीळ बोटांना चिकटत होते. वैजयंती दारात उभी होती. तिने मदत केली नाही. तिला त्यांची दया येत होती आणि संतापही येत होता, दोन्ही एकदमच, आणि कुठलंही कमी होत नव्हतं. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "रेखा," आणि पुढे शास्त्रातलं काही नाही, "रेखा, चुकलो." पाणी गवतावर पडलं.

फोन वाजला. दीपेनने कॉलच्या आधीच मेसेज पाठवला होता, सोबत एक छोटा व्हिडिओ. गोणपाटावर ते पिल्लू उभं होतं, ओल्या राखेच्या रंगाचं, आणि एका मुलीच्या हातातली बाटली त्याने तोंडात धरली होती. दूध निम्मं सांडत होतं. दीदी, पी रहा है, असं त्याने लिहिलं होतं. वैजयंतीने तो व्हिडिओ तीनदा पाहिला. मग तिने दीपेनला लिहिलं, कॉल को थोड़ा देर होगा, आपको एक बात बतानी है, और आप शायद मुझसे फिर बात नहीं करेंगे. लिहून पाठवून टाकलं, म्हणजे परत फिरायला नको.

तिच्या वर्गाच्या शेवटच्या स्लाइडवर एक नंबर असायचा. शंका आली तर वाट बघू नका, याच नंबरवर फोन करा, असं ती सांगायची. तो नंबर तिला पाठ होता, तरी तिने एकेक आकडा बघून दाबला. तिसऱ्या रिंगला फोन उचलला गेला. साराच होती.

"वैजयंती! गुड मॉर्निंग. गुरुवारचं पक्कं ना?"

"सारा, मला एक वस्तू कळवायची आहे. गेंड्याचं शिंग. कोरलेलं, भांड्याच्या आकाराचं. साधारण दोनशे ग्रॅम. मी स्वतः तपासलंय, खरं आहे."

साराचा आवाज एकदम कामाचा झाला. कीबोर्ड वाजायला लागला. कुठे सापडलं, कंटेनरमध्ये का पार्सलमध्ये, असं तिने विचारलं. घरात, असं वैजयंती म्हणाली. पत्ता सांग म्हणाली तेव्हा वैजयंतीने स्वतःचा पत्ता सांगितला. कीबोर्ड थांबला. बाहेर हिरवळीवर बाबा रिकामी वाटी दोन्ही हातांत धरून तिच्याकडे बघत उभे होते, आणि त्यांनी हाताने छातीला स्पर्श करून खूण केली, माझं नाव सांग, माझं.

"देशात कोणी आणलं, माहिती आहे का?" साराने हळू विचारलं. तो फॉर्मवरचा दुसरा प्रश्न होता. तो फॉर्म वैजयंतीनेच तयार केला होता.

"मी आणलं," ती म्हणाली. "तू मला मिठी मारलीस ना, तेव्हा ते माझ्या बॅगेत होतं."